आमची वाटचाल: "लिली द्या", पण कुठली?

उरुळी कांचनजवळ आमची दहा गुंठ्यांची नर्सरी आहे. या पट्ट्यात रोपं विकणाऱ्यांची कमी नाही, म्हणून वेगळं काहीतरी करायचं ठरवून २०११ साली लिली धरली आणि पहिल्याच वर्षी सपाटून मार खाल्ला.

हौसेनं हॉलंडहून आलेले ओरिएंटल लिलीचे कंद घेतले. फुलं आली तेव्हा वासानंच गिऱ्हाईक थांबायचं. पण त्या कंदाला फुलण्याआधी काही आठवडे शीतगृहातली थंडी लागते. आमच्याकडे ती कुठली? त्यात पावसाळ्यात कुंड्या उघड्यावर राहिल्या. एके दिवशी मातीत बोट घातलं, तर कंदाचा लगदाच हाताला आला.

आई म्हणाली, "अरे, परसात आहे ती विक की!" परसात रेन लिली होती, गुलाबी आणि पांढरी. वळवाची एक सर पडली की चार-सहा दिवसांत वाफा भरतो. तिच्यावरच आमचं दुकान सावरलं. मग फुटबॉल लिली आली, स्पायडर आली, डे लिली आली. खरं तर यांतली एकही वनस्पतिशास्त्राच्या हिशेबानं लिली नाही, पण गिऱ्हाईकाला ते सांगत बसलो तर विकायचं कधी?

लावण्याची खोली मात्र आवर्जून सांगतो. ओरिएंटलच्या देठालाही मुळं फुटतात, म्हणून कंदावर चार-पाच इंच माती हवी. ॲमरिलिस या लिलीसारख्याच फुलाच्या कंदाची मान, म्हणजे वरचं टोक, मातीबाहेर उघडी ठेवायची, नाहीतर कुजते. डे लिलीला कंद नसतोच, नुसती जाड मुळं.

फुटबॉल लिली मे-जूनमध्ये लाल चेंडू देते आणि हिवाळ्यात पानं टाकून झोपते. दर डिसेंबरात फोन येतात, "दादा, झाड मेलं." आता कुंडीवर चिठ्ठीच लावतो: मेलेलं नाही, पाणी बंद करा, कुंडी फेकू नका.

पावसाळ्यात काळी, पांढऱ्या-लाल ठिपक्यांची अळी येते. दोन दिवस दुर्लक्ष झालं आणि स्पायडरच्या अख्ख्या रांगेचे नुसते खुंट उरले होते. तेव्हापासून रोज सकाळी एकेक पान उलटून बघतो, अळ्या वेचून साबणाच्या पाण्यात टाकतो.

हल्ली हिवाळ्यात थोडे ओरिएंटल पुन्हा ठेवतो, थंडी दिलेलेच कंद आणून. ते आणि डे लिली देताना आधी विचारतो, घरात मांजर आहे का? यांचे परागसुद्धा मांजराची मूत्रपिंडं निकामी करतात. मांजर असेल तर रेन लिलीही नको म्हणतो, तिचा कंद विषारीच. मग हातात जास्वंद देतो.