सोमवारचा राजमा, स्लो कुकरमधला

अमेरिकेच्या लुइझियाना राज्यातल्या न्यू ऑर्लिन्समध्ये सोमवारी राजमा-भात. तिथे त्याला रेड बीन्स अँड राइस म्हणतात. घराघरांत तर तो होतोच, पण सोमवारी कितीतरी खाणावळींच्या फळ्यावरही तोच लिहिलेला असतो. कारण साधं आहे. पूर्वी सोमवार हा कपडे धुण्याचा वार होता. रविवारच्या जेवणातलं हॅमचं हाड उरलेलं असायचं. ते भिजवलेल्या राजम्यात टाकायचं, पातेलं चुलीच्या मागच्या बाजूला मंद आचेवर ठेवायचं आणि धुणं उरकेपर्यंत अधूनमधून ढवळत राहायचं. वॉशिंग मशीन आलं तसा धुण्याचा वार गेला, राजम्याचा वार मात्र टिकला. याच गावचे जॅझ वादक-गायक लुई आर्मस्ट्राँग पत्राच्या शेवटी ‘रेड बीन्स अँड राइसली युअर्स’ असं लिहीत. एवढा जीव त्या माणसाचा या जेवणावर!

दिवसभर मंद आचेवर राहणारा हा पदार्थ स्लो कुकरला, म्हणजे कित्येक तास मंद उष्णतेवर शिजवणाऱ्या विजेच्या भांड्याला, अगदी साजेसा आहे. फक्त एक पथ्य पाळावं लागतं आणि ते पाककृतीच्या आधी सांगायला हवं. भिजवलेला राजमा थेट स्लो कुकरमध्ये टाकायचा नाही. आधी गॅसवर खळखळून उकळायचा.

राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं प्रथिन असतं, आणि लाल राजम्यात ते सगळ्यात जास्त. कच्चे चार-पाच दाणे पोटात गेले तरी एक ते तीन तासांत मळमळ, उलट्या आणि मग जुलाब सुरू होऊ शकतात. खऱ्या उकळीत ते नष्ट होतं, नुसत्या गरम पाण्यात नाही. स्लो कुकर ‘लो’वर कित्येक तास उकळीच्या खालीच राहतो, आणि ८० अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेला राजमा कच्च्यापेक्षाही जास्त बाधू शकतो. दाणा मऊ लागतो, म्हणून खाणारा बेसावध असतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचा सल्ला असा: निदान ५ तास भिजवा, ते पाणी फेका, ताज्या पाण्यात ३० मिनिटं उकळा. आपल्याकडे हा प्रश्न सहसा येत नाही, कारण प्रेशर कुकरमधलं तापमान १०० अंशांच्या बरंच वर जातं. त्यामुळेच हे पथ्य आपल्या आई-आजींकडून आपल्यापर्यंत आलेलं नाही. स्लो कुकर नव्याने घेतलेल्या प्रत्येकाला ते सांगायलाच हवं. साताऱ्याकडचा वाघ्या घेवडाही याच कुळातला, त्यालाही हाच नियम. विकतचा डबाबंद (कॅनमधला) राजमा आधीच शिजलेला असतो, त्याला हे लागू नाही.

आता साहित्य. पाच-सहा लिटरच्या कुकरला, सहा ते आठ जणांसाठी: लाल राजमा ४५० ग्रॅम, कांदे दोन मोठे, हिरवी ढोबळी मिरची एक मोठी, सेलरीचे तीन दांडे, लसणाच्या सहा पाकळ्या, धुरावलेलं डुकराचं पायाचं हाड एक, आंदुई (लुइझियानातलं धुरावलेलं डुकराचं) सॉसेज ३५० ग्रॅम, लॉरेलची पानं तीन, सुकं थाइम एक चमचा, मिरपूड एक चमचा, लाल तिखट अर्धा चमचा, तेल एक टेबलस्पून. मीठ भिजवायला एक टेबलस्पून, बाकीचं शेवटी.

कांदा, सेलरी आणि हिरवी ढोबळी मिरची या तिघांना लुइझियानात ‘ट्रिनिटी’ म्हणतात. आपल्या कांदा-खोबऱ्याच्या वाटणासारखाच तिथल्या स्वयंपाकाचा हा पाया. ढोबळी हिरवीच हवी. लाल-पिवळीने गोडसर होतं आणि तो किंचित कडवटपणा जातो.

भारतात करणाऱ्यांसाठी दोन-तीन गोष्टी. आपलं तमालपत्र आणि लॉरेलचं पान वेगळ्या झाडांची आहेत. तमालपत्रावर लांबीला तीन शिरा असतात आणि त्याला दालचिनीकडे झुकणारा वास असतो, लॉरेलच्या पानाला मधोमध एकच शीर. तमालपत्र घातलंत तर पदार्थाला पुलावाचा वास येतो. त्यापेक्षा ते गाळलेलं बरं. थाइम नसेल तर दोन चिमटी ओवा चालतो, दोघांच्या वासात थायमॉल हे एकच द्रव्य आहे. दोन चिमटीच, जास्त झाला की फक्त ओवाच लागतो. राजमा लालच घ्या. ठिपक्यांचा चित्रा चवीला छान, पण त्याचा रस फिका पडतो.

डुकराचं मांस नको असेल तर टर्कीचे धुरावलेले पंख किंवा मान वापरा. अमेरिकेच्या दक्षिणेत कित्येक घरांत तेच घालतात. गोव्याचा चोरीस (तिथलं डुकराचं सॉसेज) घालायचा मोह होतो, आणि तो रास्तही आहे, कारण गोव्याची फेजोआद म्हणजे राजमा आणि चोरीसच. पण चोरीसात व्हिनेगर असतं. तो सुरुवातीला पडला तर दाणा मऊ व्हायला फार वेळ घेतो, म्हणून दाणा शिजल्यावरच घालायचा. शाकाहारी करायचा असेल तर ५० ग्रॅम लोणी आणि दोन चमचे धुरावलेली पॅप्रिका घाला. शेवटी निखाऱ्यावर तूप सोडून पाच मिनिटं धूर द्या. धुराशिवाय हा पदार्थ पोकळ लागतो.

रात्री राजमा निवडून, धुऊन दोन लिटर पाण्यात एक टेबलस्पून मीठ घालून भिजत घाला. मिठाने दाणा दडस होतो हे ऐकीव आहे. भिजवताना मीठ असेल तर साल उलट मऊ होते आणि फुटायचं प्रमाण कमी राहतं. सकाळी ते पाणी टाकून राजमा धुवा आणि दीड लिटर ताज्या पाण्यात उकळायला ठेवा. खळखळ सुरू झाली की तिथून ३० मिनिटं मोजा. पहिल्या पाच मिनिटांत करडा फेस वर येतो आणि भांडं लहान असेल तर उतू जातो. तो झाऱ्याने काढा, झाकण अर्धंच ठेवा. हे दुसरं पाणी फेकू नका, रंग आणि दाटपणा त्यातच आहे.

तोवर शेजारच्या शेगडीवर जाड बुडाच्या कढईत तेल घालून सॉसेजच्या अर्धा सेंटिमीटर जाडीच्या चकत्या दोन्ही बाजूंनी तांबूस होईपर्यंत परता आणि काढून ठेवा. त्याच चरबीत ट्रिनिटी घालून मध्यम आचेवर दहा मिनिटं परता. कांदा पारदर्शक होऊन कडा पिवळसर दिसू लागल्या की लसूण, थाइम, मिरपूड आणि तिखट घालून आणखी एक मिनिट. मग वाटीभर पाणी ओता आणि बुडाला चिकटलेला तपकिरी थर लाकडी उलथन्याने खरवडून घ्या. सगळी चव त्या थरात असते. ही पायरी गाळून कांदा कच्चाच कुकरमध्ये टाकला तर आठ तासांनंतरही त्याचा कच्चा, गोडूस वास राहतो आणि पाणी सुटतं. स्लो कुकरला परतता येत नाही, उकळताही येत नाही. ही दोन कामं गॅसवर उरकून द्यायची आणि उरलेलं त्याच्यावर सोपवायचं.

कुकरचं मातीचं भांडं गार असेल तर आधी कोमट पाण्याने शेकून घ्या. गार भांड्यात आधण ओतलं की तडा जातो. मग हाड, राजमा पाण्यासकट, परतलेला मसाला आणि लॉरेलची पानं. पाणी राजम्याच्या वर दोन बोटं असावं, त्याहून जास्त नको. पातेल्यात निम्मं पाणी आटतं, इथे झाकणाखाली जवळजवळ आटतच नाही. पातळ राजम्याची तक्रार बहुतेक वेळा इथूनच सुरू होते. ‘लो’वर सात-आठ तास किंवा ‘हाय’वर चार-पाच. झाकण सारखं उघडू नका. प्रत्येक वेळी गेलेली उष्णता भरून यायला वीस-तीस मिनिटं लागतात.

सॉसेज शेवटच्या तासाला घाला. आठ तास शिजलेलं सॉसेज स्पंजासारखं होतं आणि त्यात चव उरत नाही. रसाला चव हवी म्हणून मूठभर चकत्या सुरुवातीला टाकायला हरकत नाही.

याच वेळी हाड बाहेर काढा, मांस सुटं करून परत घाला, पानं काढून टाका. आता राजमा बोटात धरून दाबा. साल आणि गर एकत्र चेपला गेला पाहिजे. आत खडूसारखा कण लागला तर अजून वेळ आहे. मग दोन डाव दाणे डावाच्या पाठीने भांड्याच्या कडेला चेपून घोटा आणि झाकण तिरपं ठेवून अर्धा-पाऊण तास ‘हाय’वर राहू द्या. रस सायीसारखा मिळून येतो. दाणा एकीकडे आणि पाणी एकीकडे असं दिसलं तर आणखी एक डाव घोटा. कॉर्नफ्लोअर लावू नका, त्याने रस चकचकीत आणि बुळबुळीत होतो. डाव उलटा केल्यावर रस सावकाश ओघळला की झालं. मीठ आत्ता चाखून घाला. हाड आणि सॉसेज दोन्ही खारट असतात, कधीकधी वरून मीठ लागतच नाही.

सगळं नीट करूनही दाणा टणक राहिला तर तीन कारणं. राजमा जुना असेल. दोन-तीन वर्षं पडून राहिलेला दाणा कितीही शिजवला तरी मऊ होत नाही, म्हणून खप जास्त असलेल्या दुकानातूनच घ्यावा. बोअरचं जड पाणी असेल, तर भिजवताना पाव चमचा खायचा सोडा घाला. नाहीतर टोमॅटो किंवा व्हिनेगर आधी पडलं असेल. मुळात या राजम्यात टोमॅटो नसतोच. आंबटपणा हवा तर ताटात तिखट सॉसचे थेंब.

भात वेगळा करायचा, लांब दाण्याचा, मोकळा. बासमती नको, त्याचा सुगंध धुराच्या वासाशी भांडतो. पसरट वाडग्यात आधी राजमा, मधोमध भाताची मूद, वरून कांद्याची चिरलेली पात.

अमेरिकेतून स्लो कुकर आणणाऱ्यांना एक सूचना. तिथली उपकरणं १२० व्होल्टची असतात. आपल्या २३० व्होल्टवर ती जवळपास चौपट वीज ओढतात आणि जळतात. इथे मिळणारा २३० व्होल्टचाच घ्या.

उरलेला राजमा दोन तासांच्या आत पसरट डब्यांत काढून फ्रिजमध्ये ठेवा. खोल भांड्यात तो मध्यभागी फार वेळ कोमट राहतो. दुसऱ्या दिवशी तो घट्ट बसतो आणि चवीला आणखी मुरलेला लागतो. गरम करताना अर्धी वाटी पाणी घालून गॅसवर उकळी आणा, स्लो कुकरमध्ये नाही. फ्रीझरमध्ये तीन महिने छान राहतो, भाताशिवाय.