तुम्ही विचारलंत म्हणून: पोरं इथलीच, मग विमा का नाही?

ह्यूस्टन-डॅलसकडच्या मराठी मंडळींकडून हा प्रश्न हटकून येतो. घरी साफसफाईला येणाऱ्या मावशी मेक्सिकोच्या किंवा होंडुरासच्या, पोरं टेक्ससातच जन्मलेली. पोर तापलं की मावशी दोन दिवस घरीच काढतात आणि तिसऱ्या रात्री इमर्जन्सीत धावतात. "मुलं अमेरिकन नागरिक आहेत, गरिबांच्या मुलांना सरकारी विमा आहे, मग ह्या बायका घेत का नाहीत?" प्रश्नात थोडा ठपकाही असतो, आणि तोच पहिल्यांदा काढून टाकायला हवा.

हक्क बहुतेकदा असतोच. अमेरिकेतल्या हिस्पॅनिक मुलांपैकी दहात नऊहून अधिक इथेच जन्मलेली आहेत. गरीब मुलांसाठी मेडिकेड आहे 1965 पासून, आणि त्याहून जरा बरं कमावणाऱ्या घरांतल्या मुलांसाठी चिप आहे 1997 पासून. तरीही विमा नसलेल्या मुलांचं प्रमाण देशात सर्वांत जास्त टेक्ससात, आणि त्यांत हिस्पॅनिक मुलं पुढे. घर एक असतं, पण सरकार त्या घरातल्या प्रत्येकाला वेगळं तोलतं, आणि ह्या तोलण्यातच विम्याचं कार्ड अडतं.

चार माणसांचं घर धरा: आई, बाप, आठ वर्षांचा मुलगा, चार वर्षांची मुलगी. 2025 च्या हिशोबाने चौघांची दारिद्र्यरेषा वर्षाला 32,150 डॉलर, म्हणजे महिन्याला साधारण 2,680. टेक्ससात एक ते पाच वर्षांच्या मुलाला ह्या रेषेच्या 149 टक्क्यांपर्यंत मेडिकेड मिळतं, सहा ते अठरापर्यंत मात्र 138 टक्क्यांपर्यंतच. त्याच्या वर 206 टक्क्यांपर्यंत चिप. घरात महिन्याला 3,800 डॉलर येत असतील तर धाकटी मेडिकेडमध्ये आणि थोरला चिपमध्ये. दोन कार्डं, कदाचित दोन वेगळ्या कंपन्या, दोन वेगळे डॉक्टर. चिपला वर्षाला 50 डॉलरपर्यंत फी, शिवाय दर भेटीला थोडे पैसे. मेडिकेडला काही नाही. धाकटीचा सहावा वाढदिवस झाला की तिचंही पारडं बदलतं. आणि आईबापांचं? टेक्ससाने मेडिकेडचा विस्तार कमी कमाईच्या प्रौढांपर्यंत केलेला नाही. इथे आईबापांना ते मिळायचं तर कमाई दारिद्र्यरेषेच्या 15 टक्क्यांच्या आसपास हवी, म्हणजे इमिग्रेशनचे कागद असले तरी जवळजवळ कुणीच बसत नाही.

आता ह्यात परदेशात जन्मलेला आणखी एक, सगळ्यांत मोठा भाऊ घाला. तो पाच वर्षांचा असताना सीमा ओलांडून आला, कागद नाहीत. त्याला टेक्ससात जीव धोक्यात असतानाच्या उपचारांपलीकडे मेडिकेड नाही. (कॅलिफोर्नियाने 2016 पासून अशा मुलांनाही आपल्या योजनेत घेतलं, इलिनॉयने तर 2006 पासून. मूल तेच, राज्य बदललं की नशीब बदलतं.) एकाच घरात एका पोराला दातांचा डॉक्टर आणि दुसऱ्याला नाही, हे आईला सांगायचं कसं? बऱ्याच आया मग कुणाचंच कार्ड काढत नाहीत, किंवा एकाच्या नावावर मिळालेलं औषध दोघांत वाटतात. अर्ध्या डोसाने दोघांचाही कान फुटतच राहतो.

भीतीचं कारण नीट समजून घ्या, कारण "घाबरू नका हो" एवढ्याने काही होत नाही. ग्रीन कार्डच्या अर्जात "पब्लिक चार्ज" नावाची चाचणी असते: हा माणूस सरकारवर भार होईल का? 2019 मध्ये तिचा नियम कडक केला. त्या कडक नियमातही मुलांचं मेडिकेड, चिप आणि विक (पाच वर्षांखालची मुलं आणि गरोदर बायकांची पोषण योजना) मोजलं जात नव्हतं, पण बातमी कानोकानी पसरली ती "काहीही घेतलंत तर कागद अडतील" अशी. 2021 मध्ये तो नियम गेला, 2022 मध्ये सौम्य नियम आला, 2025 च्या अखेरीस तोही मागे घ्यायचा प्रस्ताव आला. त्याच वर्षी जूनमध्ये मेडिकेडच्या नोंदी गृहसुरक्षा खात्याला, म्हणजे इमिग्रेशनची कारवाई करणाऱ्या खात्याला, दिल्याचं उघड झालं आणि प्रकरण कोर्टात गेलं. तेव्हा "तुमची माहिती कुठेही जात नाही" असं छातीठोक सांगणं आता खोटेपणाचं ठरेल. ज्या घरात कुणाचा कागदांचा अर्ज चालू आहे तिथे आधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा, मग फॉर्म. वकीलच हवा, "नोतारियो" नको. लॅटिन अमेरिकेत नोतारियो म्हणजे कायदा शिकलेला वजनदार माणूस. आपल्याकडे कोर्टाच्या आवारात शिक्का घेऊन बसलेला नोटरी जसा बहुधा वकीलच असतो, तसं. अमेरिकेतला नोटरी मात्र फक्त सही खरी आहे एवढं सांगणारा, कायद्याचं शिक्षण नसलेला कुणीही असू शकतो. ह्या एका शब्दावर कित्येक कुटुंबं हजारो डॉलरना बुडतात.

फॉर्म भरताना जे चुकतं ते असं. अर्ज मुलासाठी असेल तर आईबाप "अर्ज न करणारे" असतात. त्यांनी आपला सोशल सिक्युरिटी नंबर किंवा इमिग्रेशनची स्थिती लिहायची गरज नाही, हे केंद्राने 2000 सालीच राज्यांना कळवलेलं आहे. रकाना कोरा सोडायचा. खोटा नंबर मात्र कधीही लिहायचा नाही, कामाच्या जागी दिलेला नंबरही नाही. पगार लिहावाच लागतो, आणि घरातली सगळी माणसं मोजायची, कागद नसलेली धरून. इथे लोक गोंधळतात, कारण फूड स्टॅम्पच्या (गरिबांना मिळणाऱ्या सरकारी अन्न-मदतीच्या) हिशोबात नेमकं उलटं आहे: तिथे मदत फक्त पात्र मुलांपुरती ठरते, पण कमाई धरताना आईबापांचीही धरतात. म्हणून तेच चौघांचं घर एका टेबलावर चौघांचं आणि दुसऱ्यावर दोघांचं. कुणी खोटं बोललेलं नसतं.

मग नाव. स्पॅनिश पद्धतीत आडनावं दोन, आधी बापाचं, मग आईचं. गार्सिया एर्नांदेस असं लिहिलं की कॉम्प्युटर गार्सियाला मधलं नाव समजतो आणि एर्नांदेसला आडनाव. जन्मदाखल्यावर एक, सोशल सिक्युरिटी कार्डावर दुसरं, हॉस्पिटलच्या नोंदीत तिसरं. वडिलांचं नाव मध्ये घालणाऱ्या आपल्या लोकांना ही डोकेदुखी वेगळी समजवायला नको. उपाय कंटाळवाणा आहे: जन्मदाखल्यावर जसं आहे तस्संच, अक्षर न अक्षर, सगळीकडे. जुळत नसेल तर आधी सोशल सिक्युरिटी कार्ड दुरुस्त करून घ्यायचं.

गरोदरपणातच सुरुवात केली तर बरंच सोपं जातं. टेक्ससात "चिप पेरिनेटल" आहे. ह्यात विमा पोटातल्या बाळाचा असतो, त्यामुळे आईचे कागद विचारात येत नाहीत. वीसपर्यंत तपासण्या आणि बाळंतपणानंतर दोन भेटी मिळतात. आईच्या पित्ताशयाचं किंवा दातांचं दुखणं मात्र ह्यात नाही. कमी उत्पन्नाच्या घरांत बाळंतपणाचा खर्च इमर्जन्सी मेडिकेडकडे जातो, त्यासाठी हॉस्पिटलने भरायचा एक वेगळा फॉर्म असतो. तो राहिला की बिल आईच्या नावावर येतं आणि बाळाचं वर्षभराचं मेडिकेडही लटकतं. घरी सोडायच्या आधी समाजसेविकेला विचारायचा प्रश्न एकच: तो फॉर्म गेला का?

एवढं करून कार्ड आलं तरी ते टिकवणं ही वेगळी लढाई. कोरोनाच्या काळात, मार्च 2020 पासून, कुणाचंही मेडिकेड काढायचं नाही असा नियम होता. 31 मार्च 2023 ला तो संपला आणि देशभरात 2 कोटींहून जास्त लोकांची नावं कमी झाली. त्यांतल्या बहुतेकांची कमाई वाढली म्हणून नव्हे, तर कागद वेळेत पोचले नाहीत म्हणून. जानेवारी 2024 पासून मुलांचं कार्ड एकदा मिळालं की बारा महिने पक्कं असतं, मध्ये पगार वाढला तरी. पण बाराव्या महिन्याला पत्र येतं ते जुन्या पत्त्यावर. भाड्याने राहणाऱ्या कुटुंबाचा पत्ता तोवर बदललेलाही असतो. म्हणून घर बदललं की त्याच आठवड्यात 211 ह्या सरकारी मदतीच्या नंबरला फोन करून पत्ता बदलायचा, आणि कार्ड बंद झालंच तर लगेच नवा अर्ज करायचा नाही. बंद झाल्यापासून 90 दिवसांच्या आत राहिलेले कागद दिले तर जुनंच प्रकरण पुन्हा उघडतं. हे कळलं नाही म्हणून लोक पहिल्या पायरीपासून रांगेत उभे राहतात. मेडिकेड अर्जाच्या आधीच्या तीन महिन्यांची बिलंही भरू शकतं, मागितलं तर. चिप भरत नाही.

कार्ड नसलेल्या पोराचं काय? लसी थांबवायच्या नाहीत. 1989 ते 91 च्या गोवराच्या साथीनंतर केंद्राने मुलांच्या लसींची योजना केली, 1994 पासून ती चालू आहे. एकोणीस वर्षांखालच्या, विमा नसलेल्या मुलाला त्यात लस फुकट मिळते. टोचण्याची थोडी फी असते, पण ती देता येत नाही म्हणून परत पाठवता येत नाही. बाकी आजारांसाठी केंद्राच्या अनुदानावरचे सामुदायिक दवाखाने आहेत. तिथे फी कमाईप्रमाणे उतरते आणि दारिद्र्यरेषेखाली नाममात्र होते. पहिल्या भेटीला पगाराचा पुरावा न्यावा, नाहीतर पूर्ण दर लागू शकतो. टेक्ससच्या हॉस्पिटलांत नोव्हेंबर 2024 पासून इमिग्रेशनबद्दल एक प्रश्न विचारतात. "उत्तर देणार नाही" हेही उत्तर चालतं, उपचार अडत नाहीत. आणि विक ही पोषण योजना इमिग्रेशनची चौकशीच करत नाही. दूध, अंडी, कडधान्य, मक्याच्या तोर्तिया, आणि जाता जाता बोट टोचून हिमोग्लोबिनही बघतात.

कार्ड नसल्याने काय काय हुकतं ह्याचं एकच उदाहरण देतो, कारण ते आपल्याही घरचं आहे. मेडिकेडमध्ये मुलाच्या रक्तातलं शिसं बाराव्या आणि चोविसाव्या महिन्याला तपासतात. 3.5 मायक्रोग्रॅम प्रति डेसिलीटरच्या वर गेलं की शोध सुरू होतो. मेक्सिकन घरांत पोट धरलं, म्हणजे "एम्पाचो" झाला, की कधीकधी आजी "अझारकोन" नावाची नारिंगी पूड चाटवते. ती पूड म्हणजे शिशाचं ऑक्साइड, रसायनशास्त्राने बघितलं तर आपला शेंदूरच. "ग्रेता" ही पिवळी, तीही शिशाचीच. शिवाय तिखट लावलेल्या चिंचेच्या गोळ्या, आणि मातीच्या झिलई दिलेल्या भांड्यात शिजवलेल्या घेवड्याच्या बिया. आपल्याकडून आणलेली सुटी, भेसळीची पिवळीधमक हळद आणि डब्यातलं काजळ ह्यांनीही इथल्या मराठी पोरांचे आकडे वाढू शकतात. तेव्हा आजीला हसू नका. ती पूड रागावून फेकायला लावली तर पुढच्या वेळी ती लपवून दिली जाते. "नमुना तपासायला द्या" म्हटलं तर देतात.

औषधाच्या चिठ्ठीचं एक: इंग्रजीत दिवसातून "वन्स" लिहिलेलं असतं, त्याच स्पेलिंगचा स्पॅनिश उच्चार "ओन्से", आणि अर्थ अकरा. म्हणून बाटलीवर स्पॅनिश लेबल मागायचं, आणि माप चमच्याने नाही, मिलिलीटरच्या सिरिंजने. दुभाषा फुकट मिळतो, दहा वर्षांच्या ताईला मध्ये बसवायचं नाही. काही ग्वातेमालन घरांत स्पॅनिशही परकी असते, तिथे किचे किंवा मामचा दुभाषा मागावा लागतो.

पैशांचंही थोडं. मुलांमागे करात सूट किंवा पैसे देणारी "चाइल्ड टॅक्स क्रेडिट" नावाची योजना आहे. 2021 मध्ये सरकारने ते पैसे वाढवून दिले आणि देशातली मुलांची गरिबी 5.2 टक्क्यांवर आली. ती वाढ थांबल्यावर 2022 मध्ये 12.4. आता 2025 च्या कायद्याने ह्या योजनेसाठी मुलाबरोबर आईबापांतल्या एकाकडे तरी सोशल सिक्युरिटी नंबर हवा, तेव्हा नागरिक असलेल्या पुष्कळ मुलांचे हे पैसे आईबापांपायी गेले.

"आम्ही काय करू शकतो?" असंही विचारता, तर सर्वांत उपयोगाची गोष्ट म्हणजे पगाराचं पत्र. रोख घेणाऱ्या बाईकडे पगाराची चिठ्ठी नसते आणि अर्ज तिथेच अडतो. साध्या कागदावर लिहा: तिचं पूर्ण नाव, केव्हापासून काम करते, आठवड्याला किती तास, किती डॉलर, रोख की चेक, गेल्या चार आठवड्यांचे आकडे वेगवेगळे, तुमचं नाव, फोन, सही. इथे आपली मंडळी गप्प होतात, कारण घरकामाचा पगार वर्षाला ठरावीक रकमेपुढे गेला की कर तुम्हालाही भरायचा असतो. तो भरा. आकडा कमी करून लिहू नका, तिने मागितलं तरी. आणि पत्रावर तारीख ताजी हवी, जुनं पत्र परत येऊ शकतं.