काचेपलीकडे कोण बसणार

16 नोव्हेंबर, रात्री

रविवार असून आज सुट्टी नव्हती. वेचणीला बाया मिळेनात, म्हणून आईसोबत मीही कमरेला ओटी बांधून पऱ्हाटीत उतरले. दोन ओळी संपेपर्यंत कोणी बोललं नाही. मग बाबांनी धुऱ्यावरून विचारलं, "ठरलं का बाई तुहं, कुठी शिकाचं थे?" मी म्हटलं, "ठरवून राह्यली." ते पुढे काही बोलले नाहीत, गाठोडं बांधायला लागले.

तीन महिने झाले, मी ठरवतेच आहे. विवाह आणि कुटुंब समुपदेशन, ज्याला फॅमिली थेरपी किंवा कुटुंबोपचार म्हणतात, ते नीट शिकायचं एवढं पक्कं आहे. कुठे, तेवढं अडलंय.

बीएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची पदवी, झाल्यापासून पाच वर्षं मी तालुक्याच्या समुपदेशन केंद्रात मानधनावर आहे. पोलीस ठाण्याच्या आवारातली एक खोली. 1984 साली मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात टाटा समाजविज्ञान संस्थेने महिला आणि बालकांसाठी विशेष कक्ष सुरू केला, त्याच वाटेवरचं हे काम. आत टेबल, चार खुर्च्या, लोखंडी कपाट. बाहेर बाकडं. नवरा-बायको आत येतात. बाकड्यावर सासू, मामा, सोयरीक जुळवणारा मध्यस्थ, कधी पोलीस पाटील. पाच वर्षं मी आतल्या दोघांशी बोलत राहिले. बाकड्यावरच्या माणसांचं काय, हा प्रश्नच मला पडला नव्हता.

तो उन्हाळ्यात पडला. (ओळख पटेल असं काही लिहीत नाही, काही गोष्टी बदलल्या आहेत.) कापसाच्या चुकाऱ्यावरून धुसफुस असलेलं घर. पैसे मुलाच्या खात्यात, पेटीची चावी सासूच्या कनवटीला, सुनेला बाजारासाठी वीस रुपयेही मागून घ्यावे लागत. मी दोघांचं ऐकून वेगळी चूल मांडायला सुचवलं. त्यांनी मांडली. महिन्याभरात मुलगा दोन्हीकडे धड जेवेना, सून माहेरी निघून गेली. सासू मला बसस्टँडवर भेटली. भांडली नाही. एवढंच म्हणाली, "ताई, तुमी मले एकदा बी आत नाई बलावलं."

त्या रात्री मला झोप आली नाही. माझं चुकलं हे दिसत होतं, पण नेमकं कुठे, हे विचारायला माणूस नव्हतं. केंद्रात माझ्यावर कोणी वरिष्ठ समुपदेशक नाही. रजिस्टर तपासलं जातं ते आकडे जुळतात का यासाठी.

मग वाचायला लागले. कुटुंबोपचारक साल्वाडोर मिनुचिन यांचं काम पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी उठून ओसरीत फेऱ्या मारल्या. ते म्हणतात, घराची एक बांधणी असते: कोण कोणाच्या बाजूला, कोणाचं कोणावर चालतं, कोणती सीमा ताठ आणि कोणती नुसती नावापुरती. एकाला बदलायला गेलं तर सगळी बांधणी हलते. म्हणजे मी त्या घराची एक भिंत काढली होती आणि छत कशावर टेकलंय ते पाहिलं नव्हतं. याच मिनुचिन यांनी फिलाडेल्फियात गरीब वस्तीतल्या, पदवी नसलेल्या माणसांना हाताशी धरून हे काम शिकवलं. कसं, तर शिकणारा कुटुंबासोबत खोलीत, आणि एकतर्फी काचेपलीकडे शिकवणारा बसून पाहतोय. अडलं की मदत. सत्र संपलं की चर्चा.

ती काच माझ्या मनातून जात नाही. पाच वर्षांत मला काम करताना कोणीही पाहिलेलं नाही.

19 नोव्हेंबर

तीन कागद फळीवर ठेवलेत, त्यांवर कापसाचं बोंड ठेवलंय उडू नयेत म्हणून.

पहिला इग्नूचा. समुपदेशन आणि कुटुंबोपचार याच नावाची एमएस्सी आहे त्यांची, दूरशिक्षणाने, कमीत कमी दोन वर्षांची. नाव अगदी माझ्या मनातलं. नोकरी सोडावी लागणार नाही, घरून करता येईल, प्रात्यक्षिकही आहे. पण ते प्रात्यक्षिक माझ्या तालुक्यात कोण पाहणार?

दुसरा नागपूरच्या एमएसडब्ल्यूचा, म्हणजे समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीचा. दोन वर्षं, फील्डवर्क, दर आठवड्याला लिहून दाखवायचं रेकॉर्डिंग. कुटुंबोपचार त्यात थोडकाच. पण कौटुंबिक न्यायालयात विवाह समुपदेशक व्हायचं तर आपल्या राज्यात समाजकार्याची ही पदवी लागते. 1984 च्या कायद्याने त्या न्यायालयावर आधी तडजोडीचा प्रयत्न करण्याची जबाबदारी टाकली आहे, आणि तो प्रयत्न बहुतेक समुपदेशकाच्या खोलीत होतो.

तिसरा बंगळुरूचा. तिथल्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत कुटुंबांसाठी वेगळं केंद्र आहे, तिथे रुग्णासोबत घरचे मुक्कामाला राहतात आणि उपचार सगळ्या घरावर होतो. वाचूनच हेवा वाटला. पण मनोरुग्ण समाजकार्याच्या वाटेने तिथे जायचं तर आधी एमएसडब्ल्यू हवं. म्हणजे तिसरा कागद दुसऱ्याच्या खाली गेला.

अमेरिकेत ही वेगळी पदवी आणि वेगळा परवाना आहे. कॅलिफोर्नियात तर परवान्याआधी 3000 तास देखरेखीखाली काम करावं लागतं. आपल्याकडे कुटुंबोपचारकाचा वेगळा परवाना नाही, त्यामुळे पाटी पाहून काही कळत नाही. परवा मीच एका ऑनलाइन कोर्सवाल्यांना फोन केला होता. सहा महिन्यांत प्रमाणपत्र. मी एकच विचारलं: घरात मारहाण चालू असेल तर नवरा-बायकोला एकत्र बसवता का? पलीकडून उत्तर आलं, "मॅडम, आम्ही सगळं कव्हर करतो." मी फोन ठेवला. हा प्रश्न माझ्यासाठी परीक्षेचा नाही. मार खाणाऱ्या बाईला नवऱ्यासमोर बोलायला लावलं तर ती खोटं बोलते, किंवा खरं बोलते आणि त्याच रात्री त्याची किंमत देते. आधी तिच्याशी एकटीशी बोलायचं, कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या 2005 च्या कायद्यातले उपाय तिला समजावायचे, आणि एकत्र बसवणं कधी टाळायचं हे शिकायचं. जे हे शिकवत नाहीत त्यांच्याकडे मी जाणार नाही.

22 नोव्हेंबर

पहाटेच्या एसटीने नागपूरला जाऊन आले. तिथल्या एका समाजकार्य महाविद्यालयात एका मॅडमना भेटले. त्यांना मी वहीत लिहून नेलेले प्रश्न विचारले: फील्डवर्कला किती घरं माझ्या वाट्याला येतील? माझं रेकॉर्डिंग कोण वाचतं, आणि वाचून माझ्याशी किती वेळ बोलतं? तुम्ही कधी माझ्यासोबत घरी याल का?

शेवटच्या प्रश्नावर त्या थांबल्या. म्हणाल्या, "काच नाही आपल्याकडे. पण पहिल्या दोन-तीन भेटींना मी येते, कोपऱ्यात बसते. नंतर तू लिहून आणायचं. काय बोललीस ते आणि काय बोलायचं राहिलं तेही." मग मी बसस्टँडवरच्या सासूचं सांगितलं, आणि त्यांनी अर्धा तास माझ्याकडूनच काढून घेतलं की मी तिला आत का बोलावलं नाही. मला तिची भीती वाटत होती. ती माझ्या आजीसारखी दिसायची.

अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत झालेल्या विश्राम प्रकल्पाचंही त्या बोलल्या. गावातल्याच कार्यकर्त्यांना शिकवलं, त्यांनी दारोदारी नैराश्याबद्दल बोलायला सुरुवात केली, आणि त्रास असलेल्यांपैकी मदतीपर्यंत पोचणाऱ्यांचं प्रमाण 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेलं. आपल्या मातीत, आपल्या बोलीत हे काम होतं. परतीच्या गाडीत मी वरोऱ्यापर्यंत खिडकीबाहेर पाहत होते आणि मला कळलं की मी मनात एमएसडब्ल्यूचा फॉर्म भरते आहे. इग्नूची पदवी नंतर घेईन, हाताखाली काम असताना.

निघताना मॅडमनी एक गोष्ट करायला सांगितली: आधी स्वतःच्या घराचा नकाशा काढ. तीन पिढ्या. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, आणि कोणाचं कोणाशी बोलणं तुटलंय ते तुटक रेघांनी.

23 नोव्हेंबर

काढला. कालनिर्णयच्या मागच्या कोऱ्या बाजूवर.

आजोबा, आजी, बाबा, आई, काका, जो वाटणीनंतर आला नाही. आई आणि आजीच्या मधली रेघ मी तीनदा पुसली. त्या भांडत नाहीत. बोलतही नाहीत. लहानपणापासून त्यांच्यामधले निरोप मीच नेत आले आहे: "आजी, आई म्हणते भाकरी झाल्या." "आई, आजीचं औषध संपलं." कुटुंबोपचारातले मरे बोवेन ज्याला त्रिकोण म्हणतात, दोघांतला ताण तिसऱ्यावर टेकलेला, तो माझ्याच अंगणात आहे आणि तिसरं टोक मी आहे. मी नागपूरला गेले तर निरोप कोण नेईल, ही भीती मी तीन महिने अभ्यासक्रमांच्या कागदांखाली लपवत होते.

इटलीतल्या मिलान गटाच्या कुटुंबोपचारकांची विचारायची एक रीत आहे. माणसाला त्याच्याबद्दल न विचारता घरातल्या दुसऱ्या दोघांबद्दल विचारायचं. संध्याकाळी आजी ओसरीत तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मी शेजारी बसून विचारलं, "आजी, आईचं तोंड उतरलं की घरात सगळ्यात आधी कोनाले समजते?"

आजीचे हात थांबले नाहीत. दोन-तीन शेंगा झाल्यावर म्हणाली, "मले. पन मी कोनाले सांगू?"

आई आत चुलीपाशी होती. तव्यावरची भाकरी तिने उलटली नाही.