दोन ग्रिल

मुंबईत ग्रिल म्हटलं की आधी आठवते ती खिडकीची. जिच्यात तुळस, दोन वाळक्या कुंड्या आणि पावसाळ्यात अख्ख्या घराचे ओले कपडे सुखाने नांदतात, ती. त्यामुळे बार्बेक्यूची जाळी मी पहिल्यांदा मोरीत ठेवली, तेव्हा कामाच्या मावशी म्हणाल्या, "दादा, खिडकीचे गज भांड्यांत धरू नका. त्याचे वेगळे पैसे."

चूक माझीच. आदल्या रात्री गच्चीवर बांगडे, कोळंबी, पनीर, कणसं असं सगळं भाजून झालं आणि 'सकाळी बघू' म्हणत मंडळी खाली उतरली. शेगडीभोवती बारा जण असतात, सकाळी जाळीपाशी एकटाच. तोवर तेल-मसाला गार होऊन असा घट्ट बसला होता, की मी ती साबणाच्या पाण्यात दिवसभर बुडवून ठेवली. जाळी बिडाची, त्यात माहीमची खारी हवा. निथळत ठेवली आणि सकाळी पाहतो तर तांबूस! तेव्हा सोसायटीत ग्रिलं रंगवायचं काम चालू होतं. रंगारी जाळीकडे बघून आपुलकीने म्हणाला, "रेड ऑक्साइडचे दोन हात मारून देऊ का?" खरं सांगतो, क्षणभर मोह झाला.

आईला फोनवर सांगितलं, तर ती एवढंच म्हणाली, "बिडाचा तवा कधी भिजत घातलेला पाहिलायस आपल्याकडे?"

मग जाळी घासली, विस्तवावर कोरडी केली, तेलाचं बोट फिरवून पुन्हा तापवली. असं चार-पाच वेळा. तापलेल्या बिडावर तेलाचा पातळ थर सुकून कडक होतो. तोच गंज रोखतो, मासाही सोडवून देतो. हात सैल सुटला तर मात्र नुसता चिकटा.

आता निखारे विझायच्या आत उरकतो. दहा-पंधरा मिनिटं जाळी रिकामी तापू द्यायची, चिकटलेलं जळून भुरभुरीत होतं. तारेचा ब्रश मी टाकून दिला. त्याची तार तुटून जाळीवर राहते आणि घासाबरोबर घशात जाते; ती काढायला डॉक्टरांकडे जावं लागल्याची उदाहरणं आहेत. नारळाची शेंडीही वापरून पाहिली. ती पेटली. शेंडी आणि राख गार जाळीसाठीच.

गरम जाळीला अर्धा कांदा. काट्याला टोचायचा, कापलेली बाजू खाली, आणि गजांवरून रेटत न्यायचा. चर्र आवाज होतो, काजळी सुटते, आणि असा काही वास सुटतो की जिन्यापर्यंत गेलेले पाहुणे परत येऊन विचारतात, "अजून काही आहे का?"

पाऊस लागायच्या आधी जाळीला तेल चोळून, वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर टाकली. खिडकीच्या ग्रिलला रंग द्यायचा मात्र यंदाही राहिलाच.