मुळा-मुठेच्या काठची पाणंद

पुण्यात हौसेने सायकल चालवणारा माणूस बहुधा चढाच्या भाषेत बोलतो. सिंहगड किती मिनिटांत चढलास, दिवेघाटात कुठे दम लागला, कात्रजच्या जुन्या घाटात उतरलास की नाही, यावर त्याची पत ठरते. मीही काही वर्षे हीच भाषा बोललो. गेले तीन हिवाळे मात्र रविवारी पहाटे हडपसर मागे टाकून मी पूर्वेकडे जातो, जिकडे चार लोकांत सांगावा असा एकही चढ नाही. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे आणि रेल्वेने पंचाहत्तर किलोमीटरवरचे दौंड सुमारे ५१५ मीटरवर. म्हणजे एवढ्या अंतरात जमीन जेमतेम पंचेचाळीस मीटर उतरते. मित्र विचारतात, तिकडे आहे तरी काय? तिकडे पाणंदी आहेत.

दुकानदार ज्या सायकलीला ‘ग्रॅव्हल बाइक’ म्हणून विकतात, ती ज्या रस्त्यासाठी बनलेली आहे त्याला आपल्याकडे जुना आणि नेमका शब्द आहे. दोन्ही बाजूंच्या शेतांमधून, बांधांच्या कडेकडेने, बैलगाडी जाईल एवढी वाट म्हणजे पाणंद. दोन गावांच्या हद्दीवरून जातो तो शिवरस्ता. जुन्या गाव नकाशावर गाडीवाट दुहेरी तुटक रेषेने दाखवलेली असते आणि तिची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट धरतात. पायवाटेला एकच तुटक रेष आणि सव्वाआठ फूट. प्रत्यक्षात दरवर्षी नांगराचा फाळ वाटेकडे थोडा थोडा सरकत गेल्यामुळे कित्येक ठिकाणी एकवीस फुटांतले आठच उरले आहेत. शेताला वाटच नसेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १४३ खाली तहसीलदाराकडे बांधावरून रस्ता मागता येतो. या एका कलमापायी सख्ख्या भावांचे बोलणे तुटलेली घरे प्रत्येक गावात सापडतील. मला मात्र या वाटांचा एक गुण सर्वांत मोठा वाटतो. त्या शेतापर्यंत जातात आणि तिथेच संपतात, म्हणून ज्याचे शेत नाही त्याला त्या वाटेने जाण्याचे कारणच नसते. चार तासांत दोन ट्रॅक्टर, एक दूधवाला आणि शेळ्यांचा एक कळप भेटला, तर ती गर्दी समजायची.

थेऊरपर्यंत डांबरी रस्ता आहे आणि त्याविषयी फार सांगण्यासारखे नाही. चिंतामणीच्या दर्शनाला गर्दी होण्याआधी तिथे पोहोचावे. याच गावी १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थोरल्या माधवरावांनी देह ठेवला, आणि देवळामागे नदी जिथे वळण घेते तिथे आजही क्षणभर थांबावेसे वाटते, अर्थात वास सहन झाला तर. शहराचे सांडपाणी पोटात घेऊन आलेली मुळा-मुठा इथे काळपट दिसते, आणि उन्हाळ्यात जलपर्णीने अशी झाकून जाते की पाणी आहे हे दगड टाकूनच कळावे. हेच पाणी काठावरच्या मोटारी उपसतात आणि त्यावर ऊस उभा राहतो. दक्षिणेला खडकवासल्याचा उजवा कालवा आहे, आणि लोक ज्याला ‘बेबी कालवा’ म्हणतात त्या जुन्या कालव्यात मुंढव्याच्या जॅकवेलमधून, म्हणजे पाणी उपसायच्या विहिरीतून, शहराचे प्रक्रिया केलेले सांडपाणी सोडले जाते. आपण सकाळी नळ सोडतो, ते पाणी काही दिवसांनी दौंडच्या बाजूच्या एखाद्या सरीत पोहोचते, हे सायकलवर बसून पाहिल्याशिवाय मला कधी जाणवले नव्हते.

थेऊरच्या पुढे, कोरेगाव मूळच्या बाजूला, डांबर सुटते आणि मुरूम लागतो. ४० मिलिमीटरच्या टायरमध्ये मी इथे साधारण ३८ पीएसआय हवा ठेवतो. डांबरावर ती कमी वाटते, पण मुरमावर चाक उसळत नाही आणि मनगटे वाचतात. डांबरावर ताशी पंचवीसचा वेग असतो, तो इथे पंधरा-सोळावर येतो. पावसाळ्यात या वाटेला जाऊच नये. नदीकाठची काळी माती ओली असताना चाकाच्या दहा फेऱ्यांत फॉर्क, म्हणजे पुढचे चाक धरणारा चिमटा, आणि टायर यांच्यामधली फट भरून टाकते आणि चाक फिरायचेच थांबते. मग सायकल खांद्यावर घेऊन चालताना आपलेही दोन्ही बूट शेरभराचे होतात. दिवाळीनंतर माती आवळते, आणि उसाच्या तोडणीला सुरुवात झाली की ट्रॉल्यांच्या चाकांनी तिच्यात खोल चाकोऱ्या पडतात. ‘चाकोरीबद्ध आयुष्य’ असे आपण सहज लिहितो. चाकोरी खरोखर काय असते ते पुढचे चाक तिच्यात उतरले की समजते. हँडल वळवून बाहेर यायला गेलात की चाक कडेला घासते आणि तुम्ही पाचटात आडवे होता. वेग कमी करावा, हात सैल सोडावेत, आणि जिथे कड ढासळलेली असेल तिथपर्यंत निमूटपणे आतूनच जावे.

चढ नसला म्हणून कष्ट नसतात असे मात्र नाही. दुपारनंतर पश्चिमेचा वारा सुटतो, आणि पुण्याकडे परतणाऱ्याला तो नेमका समोरून लागतो. चढाला माथा असतो, मागे उतारही असतो. वाऱ्याला दोन्ही नाहीत. म्हणून मी अकराच्या आत तोंड फिरवतो, निदान तसे ठरवतो. ठरवलेले मोडते ते गुऱ्हाळापाशी. मुळा-मुठा आणि भीमा यांच्या मधल्या राहू बेटात गुऱ्हाळे पुष्कळ आहेत आणि ती दिसण्याआधी वासाने कळतात. चुलवाणात चिपाडे ढकलली जात असतात, काहिलीत रस उकळत असतो, वर आलेली मळी काढली जात असते, आणि गुळव्या, जो आता बऱ्याचदा उत्तर प्रदेशातून आलेला असतो, थोडा पाक पाण्यात टाकून त्याची गोळी बोटांनी दाबून पाहतो. त्या गोळीकडे पाहताना त्याच्याशी कोणी बोलत नाही. पुढच्या काही क्षणांवर अख्खी काहील अवलंबून असते. वाटीभर गरम काकवी पोटात गेल्यावर सायकलवाले ताकदीसाठी खातात त्या महागड्या जेलची पाकिटे खिशातच राहतात.

मागच्या महिन्यात याच पट्ट्यात माझ्या टायरमध्ये वेड्या बाभळीचा काटा घुसला. टायर ट्यूबलेस होता, त्यामुळे छिद्रातून पांढरे सीलंट, म्हणजे छिद्र बुजवणारे आतले द्रव, फुसफुसत बाहेर आले. डोक्यावर वाढ्याचा, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांचा, भारा घेऊन जाणारे एक आजोबा थांबले, वाकून पाहिले आणि म्हणाले, “हिला तर रुईवानी चीक येतुया की.” थोड्या वेळाने चीक थांबला, छिद्र बुजले, आणि मी पंप काढला. आजोबांनी टायर अंगठ्याने दाबला आणि अजून हवा हवी असल्याचे सांगितले. एके काळी याच पाणंदीने ते हँडलला दोन्हीकडे दुधाच्या किटल्या अडकवून उरुळीच्या स्टेशनवर गाडी गाठायला जात. एकाच गिअरची सायकल, आणि तीही थोरल्या भावाची. मग त्यांनी माझ्या सायकलीची किंमत विचारली. मी खरी किंमत निम्म्याने कमी करून सांगितली, तरीही ते काही वेळ गप्प राहिले.

“आन् एवढ्या पैशात स्टँड दिला न्हाई?”

नाही, म्हणालो, वजन वाढते म्हणून लावत नाहीत.

“मग पाव्हणं, उभी कुठं करायची?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हते. त्यांनी भारा बांधावर उतरवला, पायाने जरा दाबून बसता केला, आणि सायकल त्याला टेकवून ठेवायला सांगितली. पंप मारून होईपर्यंत ते फडाकडे पाहत बसले. उसात बिबट्या फिरतोय, उशीर करू नका, एवढे बजावून भारा पुन्हा डोक्यावर चढवायला त्यांनी माझा हात घेतला. बारा वाजून गेले होते आणि वारा सुटला होता. थेऊर येईपर्यंत मला दीड तास लागला. घरी येऊन सायकल धुताना हँडलच्या टेपमध्ये वाढ्याचे एक पाते अडकलेले सापडले, आणि सायकल नेहमीप्रमाणे भिंतीला टेकवून ठेवताना मला उगाचच ओशाळल्यासारखे झाले.