दाब, सोड, सोड

गुरुवार, रात्री पावणेबारा

ड्युटी संपवून चेंजिंग रूममध्ये गेले तर नवीन सिस्टर बाकावर बसलेली. डबा शेजारी तसाच, न उघडलेला. उजव्या हाताची मूठ नुसती मिटत होती, उघडत होती. "हात दुखतो का गं?"

"नाई मॅडम. झोपेतबी अंबू दाबते मी. आई हलवून उठवते मले."

अंबू म्हणजे श्वास द्यायची, हाताने दाबायची पिशवी. रविवारची केस. नऊ वर्षांचं पोर, रात्री जमिनीवर झोपलेलं. पहाटे पोट दुखतं म्हणून रडलं, घरच्यांनी ओवा दिला. आमच्याकडे आणलं तेव्हा पापण्या वर जात नव्हत्या, लाळ गिळता येत नव्हती. अंगावर कुठे खूण नाही, सूज नाही. काचेच्या नळीत वीस मिनिटांत रक्तही नीट गोठलं. मण्यार चावते ती अशीच, झोपलेल्याला कळतही नाही. सरांनी पापण्या बघूनच ओळखलं आणि एएसव्हीच्या, म्हणजे सापाच्या विषावरच्या औषधाच्या, दहा व्हायल सांगितल्या. ही पाच काढून थांबली, लेकरू लहान म्हणून. मी तिथेच म्हटलं, सापाने लेकरू बघून विष कमी सोडलेलं नसतं, डोस मोठ्या माणसाएवढाच. रिॲक्शन आली तर लागेल म्हणून ॲड्रिनलिन आधी भरून ठेव. तिने एका दमात सगळं केलं.

तरी श्वास उथळ होत गेला. सरांनी श्वासनलिकेत नळी टाकली, १०८ आली. यवतमाळचं मेडिकल कॉलेज आमच्यापासून दीड तासावर. गाडीतल्या डॉक्टरांसोबत ही आळीपाळीने अंबू दाबत गेली. दाब, सोड, सोड. दाब, सोड, सोड. मीच बुधवारच्या क्लासला उशीवर शिकवलेला ठेका.

आज पोराची नळी निघाली. बाप पेढे घेऊन आला, सगळ्यांनी हिचं कौतुक केलं. तू कशी आहेस, हे चार दिवसांत एकानेही विचारलं नाही. मीही नाही.

"तुम्हीच सांगितलं होतं ना मॅडम, मण्यारीनं लुळं पडलेल्याले सगळं ऐकू येते. डोळे मिटलेले, हात हलत नव्हता त्याचा. म्हून मी बोलतच रायली. त्याची माय म्हणे, तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल अजून सजवलेलाच हाय घरी. मी त्याच बैलाचं बोलली, शिंगाले बेगड कोणी लावला, झूल कोणी शिवली. आता झोपेत वाटते, मी चूप बसली तर त्याचा श्वास थांबते."

मला काही सुचेना. मी तिचा हात हातात घेऊन बसले.

२०१७ च्या फवारणीच्या हंगामात मी कॅज्युअल्टीतच होते. यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या विषबाधेने शेतकरी गेले, मजूर गेले. उताऱ्याचं ॲट्रोपिन दर पाच मिनिटांनी दुप्पट करत जायचं, डोळ्याच्या बाहुलीवर विसंबायचं नाही, छातीतली घरघर थांबेपर्यंत द्यायचं, हे त्या दिवसांत हातात बसलं. घरी जाऊन मात्र मी कुणाशी काही बोलले नाही. कितीतरी दिवस त्या कीटकनाशकाचा वास नाकातून गेला नाही, स्वयंपाक करतानाही यायचा. म्हणून पुढे इथे मी एक पद्धत पाडली. कॅज्युअल्टीत मृत्यू झाला की दहा मिनिटं दार लोटून सगळ्यांनी बसायचं, वॉर्डातल्या मामा-मावशींनीसुद्धा. काय केलं, काय राहिलं, कुणाला काय वाटतंय ते बोलायचं. ज्याची चूक झाली त्याला तिथे रागवायचं नाही, तो विषय बुधवारच्या क्लासला घ्यायचा.

पण पेशंट वाचला की आम्ही बसतच नव्हतो. बसायचं कशाला, असंच वाटायचं. आज हिची मूठ बघितल्यावर कळलं की दीड तास एका लेकराचा श्वास हातात धरून बसलेल्या बावीस वर्षांच्या मुलीला आम्ही दुसऱ्याच दिवशी सकाळच्या ड्युटीवर उभं केलं आणि आज पेढा दिला. यापुढे वाचलेल्या केसनंतरही दार लोटायचं. सरांना आजच फोन केला, ते लगेच हो म्हणाले.

मग मीच तिचा डबा उघडला. ज्वारीची भाकर, ठेचा, वांग्याची भाजी. दोघींनी अर्धी अर्धी खाल्ली. तिला पोराला भेटून यायचंय. बैलाचं नाव राहिलं म्हणे विचारायचं. रविवारी तिची नाईट आहे, ती मी माझ्या नावावर घेतली.