परतीचे न्यूट्रोफिल

जखमेकडे धावणाऱ्या पेशींचं कौतुक सगळेच करतात. माझं लक्ष मात्र माघारी वळणाऱ्यांकडे जातं. दुपारी अंधाऱ्या खोलीतल्या पडद्यावर झेब्राफिशच्या पिल्लाची कापलेली शेपटी असते, हिरवे चमकणारे न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी, कडेला जमलेले असतात, आणि त्यातला एखादा तिथेच संपून जायचं सोडून पाठ फिरवून निघतो.

मासा आपल्याच गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला. प्रयोगशाळेत त्याचं बस्तान बसवलं ते ऑरेगनमध्ये जॉर्ज स्ट्रायसिंगरने, १९८१च्या कामातून. अंडं आईच्या पोटाबाहेर वाढतं आणि आरपार दिसतं, आणखी काय हवं?

सकाळी दिवे लागले की नर-मादीमधला पडदा काढायचा. अंडी जाळीखाली पडली नाहीत तर आईबापच फस्त करतात. अंड्यातल्या पेशीचं पहिलं विभाजन पाऊण तासात होतं. त्याआत सुई मारायची, म्हणजे एखाद्या जनुकाचं काम बिघडवणारं द्रव्य आत सोडायचं. थेंब साधारण एक नॅनोलीटरचा. तेलात सोडून मोजला तर व्यास ०.१२ मिलिमीटर भरावा. सुईचं टोक जरा जास्त तुटलं की थेंब फुगतो, आणि दुसऱ्या दिवशी वाकड्या शेपट्यांची रांग लागते. ती पाहून ‘जनुकाचं काम सापडलं’ म्हणणाऱ्यांचा मला मनस्वी राग येतो. अहो, नुसतं विषारी झालंय ते! सुईत मॉर्फोलिनो, म्हणजे जनुकाचं काम दाबणारा कृत्रिम रेणू, असेल तर पी५३ हे पेशीला मरणाकडे ढकलणारं प्रथिन जागं होऊन पेशी मरतात. तेवढ्याच मात्रेची, पण जनुकाला न छेडणारी कंट्रोल सुई मारलेली भावंडं शेजारी नसतील, तर त्या वाकडेपणाचा अर्थ लावायच्या फंदात पडू नये.

अंडी २८.५ अंशांवर वाढवायची. रंग चढू नये म्हणून पहिला दिवस संपायच्या आत पीटीयू हे रसायन, ०.००३ टक्के. तिसऱ्या दिवशी ट्रायकेनने भूल देऊन शेपटीच्या पराचं टोक कापायचं. पृष्ठरज्जूला धक्का लागला की जखम वेगळीच होते आणि तुलना बोंबलते.

मग खरी गंमत. कापलेल्या कडेच्या पेशी ड्युऑक्स या एन्झाइमच्या मदतीने हायड्रोजन पेरॉक्साइड सोडतात, आणि त्याचा उतार, म्हणजे जखमेपाशी जास्त आणि लांब कमी असं प्रमाण, न्यूट्रोफिलांना खेचतो. २००९ साली हे जिवंत पिल्लात दिसलं. न्यूट्रोफिलांवरच्या संदेश टिपणाऱ्या प्रथिनांपैकी सीएक्ससीआर१ त्यांना जखमेवर आणायच्या कामी येतं आणि सीएक्ससीआर२ परत पाठवायच्या. म्हणजे दुसरं बिघडलं तर मंडळी येतात वेळेवर, पण हलायचं नाव घेत नाहीत.

परतलेले पुढे शरीरात नक्की काय उद्योग करतात, ते बघायला पिल्लू जेलीसारख्या अ‍ॅगरोजमध्ये रात्रभर नीट राहिलं पाहिजे. ते सहसा राहत नाही.